पाळी गेल्यावर तोंड कोरडं का पडतं? इस्ट्रोजेन, लाळग्रंथी आणि त्यांच्या रक्तवाहिन्या

पाटीखडू

रजोनिवृत्तीच्या धाग्यावर चार-पाच जणींची तक्रार एकच होती. तोंडाला कोरड पडते, भाकरीचा घास कितीही घोळवला तरी भिजत नाही, रात्री जीभ टाळूला चिकटते. डॉक्टरांना विचारलं की उत्तर ठरलेलं: "हार्मोन्समुळे होतं." आता हे हार्मोन्स तोंडात येऊन नेमकं करतात काय? सगळी नोकरी शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे अशा अर्धवट उत्तरांवर गप्प बसवत नाही. तिकडे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढते.

आधी लाळेचा हिशेब. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आपण काही खात नसतो तेव्हा त्यातली बरीचशी जबड्याखालच्या ग्रंथी देतात. कानापुढच्या मोठ्या ग्रंथी खरा जोर लावतात तो जेवताना. या लाळेतलं पाणी येतं रक्तातून. म्हणून ग्रंथी कामाला लागली की तिच्यातल्या बारीक रोहिणी फुलतात आणि रक्ताचा ओघ कितीतरी पटींनी वाढतो.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने, १८५८ साली. त्याने कुत्र्याच्या जबड्याखालच्या ग्रंथीची शीर उघडी केली होती. ग्रंथी स्वस्थ असताना शिरेतून काळपट रक्त संथ येत होतं. कोर्डा टिम्पनी नावाची मज्जातंतूची बारीक दोरी उद्दीपित केल्यावर तेच रक्त लालभडक झालं आणि ठोक्याठोक्याने उसळायला लागलं. वाहिन्या इतक्या सैलावल्या होत्या की रक्तातला प्राणवायू पुरता काढून घ्यायलाही ग्रंथीला सवड मिळत नव्हती. दुसऱ्या बाजूची, म्हणजे सिंपथेटिक नस छेडली की ओघ आटायचा आणि रक्त पुन्हा काळवंडायचं. रक्तवाहिन्यांवर मज्जातंतूंचा ताबा असतो हे वैद्यकाला पटलं त्यात या प्रयोगाचा वाटा मोठा आहे, आणि ते पटवलं एका लाळग्रंथीने.

मग रक्त वाढलं म्हणून लाळ वाढली, असं सरळ म्हणता येईल? नाही. कार्ल लुडविगने बर्नारच्या आधीच, १८५०च्या सुमारास, लाळेच्या नळीतला दाब मोजला होता. तो धमनीतल्या रक्तदाबाच्याही वर जाऊ शकतो. लाळ ही रक्तातून नुसती गाळून येत असती तर असं होणं शक्यच नव्हतं. ग्रंथीतल्या पेशी मेहनत करून ती तयार करतात. पुढे १८७२ मध्ये हायडेनहाइनने प्राण्याला अॅट्रोपिन नावाचं औषध देऊन पाहिलं. लाळ बंद झाली, पण नस छेडल्यावर वाहिन्या फुलायच्या त्या फुलतच राहिल्या! ही दोन कामं वेगळी आहेत, दोघांचे निरोप्ये वेगळे. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

लाळ सोडायचा मुख्य निरोप अॅसिटिलकोलीन हे मज्जातंतूच्या टोकातून सुटणारं रसायन नेतं; अॅट्रोपिन अडवतं ते यालाच. वाहिन्या फुलवायला त्याच्या जोडीला आणखी दोघं असतात. एक व्हीआयपी नावाचं पेप्टाइड. ते १९७० मध्ये डुकराच्या आतड्यातून वेगळं केलं गेलं आणि नंतर लाळग्रंथीच्या मज्जातंतूंतही सापडलं. अॅट्रोपिन दिल्यावरही वाहिन्या का फुलतात याचं बरंचसं उत्तर तिथे मिळालं. दुसरा नायट्रिक ऑक्साइड. वाहिनीच्या आतल्या अस्तरात, म्हणजे एंडोथेलियममध्ये, तो तयार होतो, पलीकडच्या स्नायूत शिरतो आणि स्नायू सैल पडतो. या वायूच्या शोधाला १९९८चं नोबेल आहे.

आता इस्ट्रोजेन, म्हणजे अंडग्रंथींतून (ओव्हरीतून) येणारं संप्रेरक; पाळी जाताना ते उतरतं. एंडोथेलियमच्या पेशींवर त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या जागा, असतात. इस्ट्रोजेन तिथे बसलं की नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम काही मिनिटांत जोरात चालतं. शिवाय दीर्घ मुदतीत त्या एन्झाइमचं प्रमाणही वाढतं. प्रोस्टासायक्लिन हे वाहिन्या सैलावणारं आणखी एक रसायन, तेही वाढतं. वाहिनीच्या स्नायूतल्या पोटॅशियमच्या वाटा उघडून इस्ट्रोजेन थेट सैलावा आणतं तो वेगळाच. प्रयोगशाळेत मादी प्राण्यांच्या अंडग्रंथी काढल्या की वाहिन्यांची अस्तराच्या भरवशावर फुलण्याची क्षमता उतरते आणि इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार) दिलं की बरीचशी परत येते. हे नाना प्रकारच्या रोहिण्यांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

प्रोजेस्टेरॉनबद्दल मात्र एका वाक्यात सांगता येत नाही. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन वाहिन्या थोड्या सैलच करतं. गोळ्यांत वापरलं जाणारं मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे त्याचं कृत्रिम भावंड इस्ट्रोजेनचा फायदा काही अंशी मारतं. "स्त्री-संप्रेरकं" असं एका पोत्यात बांधून बोलायची सवय म्हणूनच मला खटकते.

माझं मत सांगून थांबते. पाळी गेल्यावर लाळग्रंथीच्या रोहिण्या पूर्वीसारख्या चटकन फुलत नसाव्यात, हे मला पटतं. तेवढ्या एकाच कारणाने तोंड कोरडं पडतं, हे पटत नाही.

नदीकाठ

ताई, धागा वाचनखुणेत टाकला. ती घास न भिजण्याची तक्रार माझीच होती.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: मोटार चालू आहे, पण विहिरीला पाणी बेताचं. बरोबर का? आणि एक शंका. हॉट फ्लॅश येतो तेव्हा माझा चेहरा लालबुंद होतो, मान घामाने भिजते. तिथे तर रक्तवाहिन्या चांगल्याच फुललेल्या असतात! इस्ट्रोजेन गेल्यामुळे वाहिन्या फुलत नसतील तर हे कसं?

पाटीखडू

नदीकाठ, शंका एकदम मार्मिक. वर्गात कुणी विचारली असती तर त्या दिवशी पुढचा धडा घेतलाच नसता.

हॉट फ्लॅशची गडबड मेंदूत असते. हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा आहे. इस्ट्रोजेन उतरलं की तिच्या शेजारचे काही न्यूरॉन अतिउत्साही होतात. मग तापमान जरासं वाढलं तरी यंत्रणेला वाटतं अंग तापलं, आणि उष्णता बाहेर टाकायचा हुकूम सुटतो. त्वचेच्या वाहिन्या तो हुकूम पाळतात. याच न्यूरॉनवर काम करणारं, हार्मोन नसलेलं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं.

वरून जोराचा हुकूम आला की वाहिनी फुलते. जेवताना ग्रंथीच्या वाहिन्याही नसांच्या हुकमाने फुलतात. इस्ट्रोजेन तिथे ठिकाणावर बसून अस्तराचा प्रतिसाद वाढवत असतं. ते गेलं तरी काम चालतं, फक्त तितकं सफाईने नाही. एकाच बाईच्या चेहऱ्याला रक्त धावतंय आणि त्याच वेळी तोंड कोरडं आहे, यात विसंगती काही नाही.

मोटार-विहिरीचं चालेल. फक्त इथे मोटारीलाही वयाने गंज चढतो. वयाबरोबर ग्रंथीतल्या लाळ तयार करणाऱ्या पेशी कमी होतात आणि त्यांची जागा चरबी आणि तंतू घेतात.

संशयात्मा

लेख चांगला, पण जरा थांबा. उंदीर, ससे, कुत्रे, मांजरं. माणसाच्या बाईत हे दिसलंय का? "प्राण्यांत सिद्ध झालं" म्हणत पुढे गोळ्या विकणारे खूप पाहिलेत.

पाटीखडू

संशयात्मा, तुमची वाटच पाहत होते.

माणसात हे हाताच्या रोहिणीवर पाहता येतं. दंडाला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं आणि धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर मोजायचं. १९९०च्या दशकात असं मोजलं तेव्हा पुरुषांत ही क्षमता चाळिशीपासून ओसरताना दिसली, बायकांत पन्नाशीच्या पुढे, पाळी जाण्याच्या सुमारास. तरुण मुलींत ती पाळीच्या चक्राबरोबरही कमीजास्त होते. इस्ट्रोजेन वर असतं तेव्हा वाहिनी जास्त रुंदावते.

पण ती हाताची धमनी. जिवंत बाईच्या जबड्याखालच्या ग्रंथीतल्या बारीक रोहिणीत असं सहजासहजी मोजता येत नाही. माणसाच्या लाळग्रंथीत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर आहेत, प्रामुख्याने बीटा प्रकारचे. म्हणजे इस्ट्रोजेनचं तिथे रक्तवाहिन्यांखेरीज पेशींशीही काम असणार. वाहिनीचा वाटा किती आणि पेशीचा किती, हे वेगळं काढणं म्हणूनच अवघड जातं. माझी ठाम विधानं फक्त वाहिन्यांबद्दल होती.

दातवाला_सातारा

खुर्चीच्या बाजूने लिहितो. दंतवैद्य आहे.

पाटीखडू मॅडमनी आतलं सांगितलं, मला बाहेरचं दिसतं. खरं कोरडं तोंड ओळखायला यंत्र लागत नाही. तपासायचा आरसा गालाच्या आतून फिरवला की चिकटतो, ओढून सोडवावा लागतो. जिभेखाली लाळेचं तळं साचायला हवं, ते नसतं. लाळ असते तीही फेसाळ, तार धरणारी. दात किडतात ते हिरडीच्या कडेला, मुळाशी, जिथे एरवी सहसा कीड लागत नाही. ज्या बाईंच्या तोंडात वीस वर्षांत कीड नव्हती त्यांना एकाएकी तीन-चार दिसल्या, तर मी आधी लाळेचं विचारतो.

मोजायचं असेल तर सोपं आहे. सकाळी खाण्यापिण्याआधी शांत बसून पंधरा मिनिटं लाळ मापाच्या कपात गोळा करायची, चघळायचं काही नाही. साधारण मिनिटाला ०.३ ते ०.४ मिली येते. ०.१च्या खाली गेली तर ग्रंथी खरोखर मंदावली. बायकांच्या ग्रंथी पुरुषांपेक्षा सरासरीने लहान असतात, त्यामुळे आकडा मुळातच थोडा कमी येतो.

गंमत अशी की तोंड कोरडं वाटतंय असं सांगणाऱ्या अनेकींची लाळ मोजली तर ठीक भरते, आणि खरोखर कमी असलेल्या काहीजणींची तक्रारच नसते. वाटणं आणि असणं यात अंतर आहे. "हार्मोन्स" म्हणण्याआधी मी गोळ्यांची पिशवी बघायला मागतो. अॅलर्जीच्या जुन्या गोळ्या, झोपेसाठी किंवा अंगदुखीसाठी रात्री दिलेली अॅमिट्रिप्टिलीन, लघवीच्या घाईची औषधं, पाणी काढणाऱ्या बीपीच्या गोळ्या. पन्नाशीच्या बाईच्या पिशवीत यातल्या एक-दोन हमखास निघतात.

नदीकाठ

डॉक्टर, अॅमिट्रिप्टिलीन! पाठीच्या दुखण्यासाठी सुरू आहे, रात्री एक. मला तर कुणी काहीच बोललं नव्हतं.

दातवाला_सातारा

ती अॅसिटिलकोलीनला अडवते. मॅडमनी वर हायडेनहाइनचं अॅट्रोपिन सांगितलं ना, त्याच जातीचा परिणाम, फक्त सौम्य. वाहिन्या फुलतील, पण पेशीला निरोपच पोचणार नाही. तरी स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगा, डोस कमी करता येतो किंवा दुसरं औषध निघतं.

शिवाय एचबीए१सी ही साखरेची तपासणी केली नसेल तर करून घ्या. साखर वाढली तरी तोंड कोरडं पडतं. डोळ्यांतही वाळू गेल्यासारखं खुपत असेल, सांधे दुखत असतील, तर स्योग्रेन आजाराची तपासणी हवी. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठते. दहा रुग्णांत नऊ बायका, आणि वय नेमकं हेच, चाळिशी ते साठी. पाळीच्या नावावर खपून गेल्याने हा आजार वर्षानुवर्षं सापडत नाही.

ऊसपट्टा

मी बीड जिल्ह्यात आरोग्याच्या कामात आहे. तुम्ही सगळे पन्नाशीचं बोलताय. आमच्याकडे तिशी-पस्तिशीतल्या बाया येतात गर्भपिशवी काढलेल्या. ऊसतोडीला गेल्यावर पाळीत खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, पोटात दुखलं की गावातला डॉक्टर "कॅन्सर होईल" म्हणून भीती घालतो. २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली होती. ८२ हजारांच्या वर बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली.

कुणाकुणाच्या अंडग्रंथीही सोबत काढलेल्या असतात आणि बाईला ते माहीतसुद्धा नसतं. कागद बघितल्यावर कळतं, कागद असला तर. त्यांना एकदम घाम, झोप नाही, हाडं दुखतात, तोंड सुकतं. त्यात निम्म्या मशेरी लावतात. तोंड कोरडं वाटलं की अजून लावतात. ताई, एवढ्या लवकर अंडग्रंथी गेल्या तर त्या वाहिन्यांचं काय होत असेल?

पाटीखडू

ऊसपट्टा, तुमच्या प्रतिसादाने धाग्याची दिशाच सुधारली.

नैसर्गिक पाळी जाताना इस्ट्रोजेन काही वर्षं वरखाली होत उतरतं. आपल्याकडे हे वय साधारण ४६-४७, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. शस्त्रक्रियेत दोन्ही अंडग्रंथी काढल्या की ते काही दिवसांत कोसळतं. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर जे मुद्दाम करतात तेच या बायांवर, त्यांना न विचारता. नुसती पिशवी काढून अंडग्रंथी ठेवल्या असतील तर पाळी थांबते पण इस्ट्रोजेन चालू राहतं, जरी अशांत ते थोडं लवकर संपताना दिसतं. तेव्हा कागदावर काय लिहिलंय याला फार किंमत आहे.

पस्तिशीत दोन्ही अंडग्रंथी गेलेल्या बाईला, काही आडकाठी नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं असं बहुतेक वैद्यकीय मार्गदर्शन सांगतं. हाडं आणि हृदय ही त्याची मुख्य कारणं. तोंड या यादीत खूप खाली येतं. पण हाडं-हृदयासाठी घेतलेल्या औषधाने जीभ ओली झाली तर कोण नाही म्हणेल!

दातवाला_सातारा

ऊसपट्टा, मशेरीवाल्या बायांची तोंडं उघडून बघता येतील तेवढी बघा. तिखट झोंबतंय, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, यातलं काहीही असेल तर "कोरडं पडलंय" म्हणून सोडू नका, तपासणीला पाठवा. सुपारी-गुटख्याने गाल आवळून जातो, त्याची सुरुवातही जळजळीने होते.

काढाप्रेमी

सगळ्यांनी ज्येष्ठमधाची कांडी चघळावी. आमच्या आजीपासून चालत आलंय. साइड इफेक्ट शून्य.

पाटीखडू

काढाप्रेमी, चघळण्याने लाळ सुटते हे खरं, कांडी कसलीही असो. पण "शून्य" नको म्हणायला. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन रोज भरपूर पोटात गेलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. पन्नाशीच्या बीपीवाल्या बाईला हे परवडणारं नाही. कधीतरी घसा बसल्यावर तुकडा चघळला तर हरकत नाही.

मधुरा_पुणे

अवांतर: मला सातवा महिना आहे, आणि पहिल्या तीन महिन्यांत तोंडाला इतकं पाणी सुटायचं की उशाशी वाटी ठेवून थुंकत होते! तेव्हा इस्ट्रोजेन चढतं म्हणतात. म्हणजे तुमचा सिद्धान्त उलटा लागू झाला का?

पाटीखडू

मधुरा, आधी अभिनंदन, तब्येत सांभाळ. हा मोह मलाही होतो, पण हिशेब जुळत नाही. इस्ट्रोजेन शेवटच्या महिन्यांत सगळ्यात वर असतं, आणि लाळ गळण्याचा त्रास बहुतेकींना सुरुवातीला, मळमळीच्या जोडीने होतो. मळमळ असली की एकतर लाळ सुटते, वर ती गिळवत नाही. गिळली गेली नाही की जास्त वाटते.

संशयात्मा

बरं, मग पुरुषांच्या लाळग्रंथीवर हार्मोन्सचा परिणाम होत नाही का? की आमचं सगळं पोलादी?

पाटीखडू

उंदरांत तर इतका होतो की त्यावर नोबेल उभं आहे! नर उंदराच्या जबड्याखालच्या ग्रंथीत काही नळ्या मादीपेक्षा फुगीर असतात, टेस्टोस्टेरॉनमुळे. लाकासान्य नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा फरक १९४०मध्ये नोंदवला. त्या ग्रंथीत मज्जातंतू वाढवणारा घटक ठासून भरलेला असतो. रीता लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांच्या संशोधनाला तिथूनच भरपूर कच्चा माल मिळाला, आणि १९८६चं नोबेल त्या दोघांना गेलं. माणसात मात्र नर-मादी ग्रंथीत असा ढळढळीत फरक नाही. उंदरावरून माणसावर उडी मारू नये याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडायचं नाही, आणि ते तुमच्याच बाजूचं आहे.

कोकणकन्या५२

फक्त तोंड कोरडं पडतं म्हणून हार्मोनच्या गोळ्या सुरू कराव्यात का? एका ठिकाणी तसं सुचवलंय मला.

पाटीखडू

फक्त तेवढ्यासाठी? मी घेतल्या नसत्या. हार्मोन घेतलेल्यांत काहींची लाळ सुधारली, काहींत फरक पडला नाही, निष्कर्ष दोन्हीकडचे आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतली हार्मोनच्या गोळ्यांची मोठी चाचणी धोके दिसल्याने मध्येच थांबवली गेल्यापासून सगळेच हात राखून असतात. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि गोळीत तेच मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन होतं, त्यामुळे तिची भीती पन्नाशीच्या प्रत्येकीला जशीच्या तशी लावू नये. हॉट फ्लॅशने झोप उडाली असेल, हाडं ठिसूळ होत असतील, तर गोष्ट वेगळी. तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर बसून, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग होता का, पायात गुठळी झाली होती का, हे सगळं सांगून घ्यायचा.

दातवाला_सातारा

+१. तोवर करण्यासारखं: घोटघोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंग गम, रात्री नाक चोंदत असेल तर त्याचा इलाज, फ्लोराइडची पेस्ट. लिंबाच्या गोळ्या सतत चघळू नका. लाळ सुटते खरी, पण आम्लाने दात झिजतात आणि ते आम्ल धुवायला पुरेशी लाळ तुमच्याकडे नाही. पायलोकार्पिन नावाची लाळ वाढवणारी गोळी आहे, पण दमा किंवा काही प्रकारचा काचबिंदू असलेल्यांना चालत नाही, म्हणून विचारल्याशिवाय नको.

नदीकाठ

आज फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन आले. अॅमिट्रिप्टिलीन निम्मी केली, महिनाभर बघू म्हणाले. साखरेची तपासणी सोमवारी. दातवाला डॉक्टर, लाळ मोजायचा कप औषधाच्या दुकानात मिळतो का, की खोकल्याच्या औषधाचं झाकण चालेल?

दातवाला_सातारा

झाकण चालेल, मिलीच्या खुणा असल्या म्हणजे झालं. फेस धरू नका, खालची लाळच मोजा. आकडा इथे टाका.